सरळरूप द्या

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल, पण सगळ्यांना कळेल असं." वीस वर्षांहून जास्त काळ मी सॉफ्टवेअर लिहिते आहे आणि माझी सख्खी मावशी अजूनही प्रिंटर बिघडला की मला फोन लावते. तेव्हा ऑफिसातल्या कामाबद्दल न बोललेलंच बरं. मी घरी, रात्रीची जेवणं झाल्यावर, डायनिंग टेबलावर बसून केलेल्या एका कामाबद्दल बोलते. ते मी सोबत आणलं आहे. मागच्यांना दिसावं म्हणून वर धरते. हा तीस कळांचा कीबोर्ड. फक्त डाव्या हाताने चालवायचा.

हा कीबोर्ड आपल्या मराठीच्या बाईंचा आहे. बाई पहिल्या रांगेतच बसल्या आहेत आणि ही गोष्ट सांगायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. "सांग," म्हणाल्या, "पण करुणरसात नेऊ नकोस." प्रयत्न करते.

दीड वर्षापूर्वी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजव्या बाजूला. बोलणं दोन महिन्यांत परत आलं. तुमच्यापैकी ज्यांनी त्यांच्याकडून फोनवर शुद्धलेखनाची बोलणी खाल्ली आहेत त्यांना हे माहीतच आहे. उजवा हात मात्र आला नाही. बाई निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर मराठी लिहायला शिकल्या होत्या, तेही इनस्क्रिप्टमध्ये, एकेका बोटाची जागा पाठ करून. इनस्क्रिप्ट म्हणजे १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली अक्षरांची मांडणी. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला असतात, व्यंजनं उजव्या हाताला. शिफ्ट न दाबता खालच्या ओळीतली म, न आणि व एवढी तीनच व्यंजनं डाव्या बोटांखाली येतात. म्हणजे बाईंच्या हाती काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळे राहिले आणि ते द्यायचे कशाला, ती अक्षरं पलीकडे गेली.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला एक पान दाखवलं. नुसत्या डाव्या हाताने, हात जागचा न हलवता, कोणते शब्द लिहिता येतात त्यांची यादी. मन, मान, मौन, नाव, नमन, नवीन, वामन, विमान, मानव. त्या हसत होत्या. "एवढ्या शब्दांत काय लिहू, सांग."

डावा हात उजवीकडे नेऊन अक्षरं शोधता येतात. त्यांनी तेही केलं, पण दहा मिनिटांत खांदा भरून यायचा. मोबाईलवर बोलून लिहिता येतं की, असं तुमच्या मनात आलं असेल. मीही तेच म्हणाले. तर बाई म्हणाल्या, "ते यंत्र मला न विचारता ऱ्हस्व-दीर्घ ठरवतं." विषय संपला.

आता थोडं माझ्याबद्दल. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आपण सगळे घरात अडकलो होतो. माझं मनगट तेव्हा इतकं दुखायचं की चहाचा कप धरवत नसे. मराठीत कळ म्हणजे दाबायचीही आणि हातातून निघणारीही. माझ्याकडे दोन्ही होत्या. कोणीतरी सुचवलं की दोन भागांचा, खांद्याएवढा रुंद ठेवता येणारा कीबोर्ड वापर. विकत घ्यायच्या ऐवजी मी तो बनवायला घेतला, कारण आपण इंजिनिअर.

या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंगचं बटण असतं. आत एक छोटा मेंदू. माझ्यात रास्पबेरी पाय पिको नावाचा बोर्ड आहे, तो त्याच वर्षी जानेवारीत बाजारात आला होता आणि त्याची मूळ किंमत होती ४ डॉलर. मेमरी २६४ किलोबाइट. तुमच्या खिशातल्या साध्या ४ जीबीच्या फोनमध्ये याच्या पंधरा हजार पटींहून जास्त असते. आणि एवढ्याशा चिपवर चक्क पायथन चालते. पायथन म्हणजे आज तुमची मुलं शाळेत शिकतात तीच भाषा. तिचं छोट्या चिपसाठी केलेलं रूप आहे मायक्रोपायथन, आणि त्यातून अ‍ॅडाफ्रूट या अमेरिकन कंपनीने केलेलं सर्किटपायथन. बोर्ड यूएसबीला लावला की पेनड्राइव्हसारखा उघडतो. त्यातली फाईल बदलायची, सेव्ह करायची, कीबोर्ड लगेच नव्या पद्धतीने वागू लागतो. कीबोर्डच्या आतल्या या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. पायथनमध्ये लिहिलेलं केएमके नावाचं उत्तम फर्मवेअर फुकट मिळतं. तरी मी स्वतःचं लिहिलं. खाज, दुसरं काय.

तीस कळांना तीस वायरी लागत नाहीत. कळा वर्गातल्या बाकांसारख्या मांडायच्या: पाच ओळी, सहा रांगा. अकरा वायरी पुरतात. चिप एकेका ओळीत वीज सोडून पाहते, कोणत्या रांगेतून परत येते ते. तिसरी ओळ, चौथी रांग. सर फळ्याकडे तोंड करूनही कोण बोललं ते ओळखायचे, जवळजवळ तसंच. यात एक गंमत आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर वीज आडवाटेने फिरते आणि न दाबलेली चौथी कळही दाबल्यासारखी दिसते. तिघं बोलतात, चौथ्या गप्प मुलाला उभं केलं जातं. (कोण हसतंय ते मला दिसतंय. हो, तूच तो चौथा.) म्हणून प्रत्येक कळेला एक डायोड जोडतात, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते.

माझं मनगट बरं झालं. कीबोर्ड मात्र वाढत राहिला. रंगीत दिवे. एका कळेवर दोनदा टिचकी मारली तर वेगळं काम. दाबून धरली तर तिसरं. ऑफिसच्या मीटिंगसाठी माईक बंद करायची कळ. प्रत्येक नव्या हौशीसाठी मी कोडात आणखी एक 'जर-तर' घालत गेले. 'कळ दाबली आहे का' हा एकच प्रश्न त्या कोडात अकरा ठिकाणी, अकरा तऱ्हांनी विचारला होता. शेवटी १,४०० ओळी झाल्या. दिवे लावून मी जोरात टाईप केलं की मधेच एखादं अक्षर गायब व्हायचं, आणि कधी कधी मेमरी संपल्याचा संदेश देऊन कीबोर्ड बंद पडायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे. ऑफिसात मी ज्युनिअर मुलांचा कोड तपासते, आणि असा कोड त्यांनी आणला असता तर मी काय बोलले असते ते मला ठाऊक आहे.

बाईंसाठी कीबोर्ड करायचा ठरवला तेव्हा हाच कोड घेऊन जाणं शक्य नव्हतं. त्यांना मी रोज संध्याकाळी दुरुस्तीला मिळणार नव्हते. म्हणून आधी साफसफाई.

सर, आता तुमचा विषय येतो. नववीत बीजगणिताचे दोन प्रश्न ठरलेले असायचे, 'अवयव पाडा' आणि 'सरळरूप द्या'. आमच्या धंद्यात ज्याला रिफॅक्टरिंग म्हणतात त्या शब्दातला फॅक्टर म्हणजे आपला अवयव. पुन्हा एकदा अवयव पाडायचे. सामाईक असेल ते कंसाबाहेर काढायचं. किंमत तीच राहिली पाहिजे, रूप सोपं झालं पाहिजे. वापरणाऱ्याला काही बदललं आहे हे कळतासुद्धा कामा नये. मुलाखतींमध्ये मला कोणी रिफॅक्टरिंगची व्याख्या विचारली की मी आजही मनात मराठीतच सुरुवात करते.

तर मी सामाईक काढायला बसले. सगळ्यात आधी दिवे गेले. बाईंना दिव्यांचं काय? मग कळा तपासायचा माझा हाताने लिहिलेला भाग, दोनशेच्या वर ओळी. तो २०२१ च्या सुरुवातीला लिहिला होता तेव्हा गरजेचा होता. पण त्याच वर्षी सर्किटपायथनच्या सातव्या आवृत्तीत हे काम करणारा कीपॅड नावाचा तयार भाग आला. कळ दाबली की आतले धातूचे पत्रे क्षणभर थरथरतात आणि एकदा दाबलेली कळ तीन-चारदा दाबल्यासारखी दिसते. कीपॅड दर २० मिलिसेकंदांनीच पाहतो, तोवर थरथर थांबलेली असते. माझ्या दोनशे ओळींच्या जागी सात आल्या. तीन वर्षं मी तो भाग अभिमानाने सांभाळला होता. काढताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग उरलेल्याचे तीन तुकडे केले. पहिला कळ खाली गेली की वर आली एवढंच सांगतो. तिसरा कॉम्प्युटरला संदेश पाठवतो. मधला विचार करतो: ही कळ म्हणजे कोणतं अक्षर? अकरा ठिकाणचे 'जर-तर' जाऊन तिथे एक तक्ता आला. आणि मधल्या तुकड्याचा वायरींशी संबंध न उरल्यामुळे तो माझ्या लॅपटॉपवरही चालवता येऊ लागला. खोट्या कळा दाबून दाखवायच्या, जुन्या कोडाचं उत्तर आणि नव्याचं उत्तर शेजारी शेजारी ठेवायचं. ताळा करायचा. १,४०० ओळींच्या ३८० झाल्या, सगळे ताळे जुळले आणि मी रात्री दीड वाजता स्वतःसाठी शिरा केला.

बाईंच्या कीबोर्डची मांडणी सोपी ठेवली. नेहमीचा डावा भाग जसाच्या तसा. अंगठ्याखालची कळ दाबून धरली की त्याच जागांवर उजव्या भागातली व्यंजनं येतात, आरशात दिसावीत तशी उलटी. म्हणजे उजव्या हाताच्या मधल्या बोटाखालचा क डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, जिथे पाय मोडायची खूण आहे तिथे. बोटांना जागा ओळखीच्या वाटतात, फक्त हात बदललेला. स्प्रिंगा मुद्दाम हलक्या घेतल्या. दिवाळीनंतर तो बाईंना नेऊन दिला. पहिल्या दिवशी त्यांनी 'कमळ' लिहिलं आणि मला म्हणाल्या, "चहा घे."

दोन आठवडे मेसेज येत राहिले. मग बंद झाले. मला वाटलं, कंटाळल्या असतील. याच स्मरणिकेसाठी त्यांचा लेख यायचा होता आणि संपादक मंडळी मला विचारत होती, बाईंचं कुठवर आलं? मी फोन केला. म्हणाल्या, "बघू." बाईंच्या तोंडून 'बघू' आपण कोणीच कधी ऐकलेलं नाही. शनिवारी मी घरी गेले.

त्यांनी मला स्क्रीन दाखवला. लेखाचा पहिला परिच्छेद, आणि एका शब्दाच्या मधोमध ककककककक, तीन ओळी भरून. खाली पुन्हा दोन वाक्यं आणि मग तततततत. आठ दिवस असं होत होतं. बाईंनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बोट उचललंय असं त्यांना वाटायचं आणि स्क्रीनवर तर ते दाबलेलंच दिसायचं. त्यांनी मनाशी धरलं होतं की आता डावा हातही चालला. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. लिहिणं बंद केलं होतं, कारण, त्यांच्याच शब्दांत, "उरलेलं जपून वापरावं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, बाई, एकदा लिहून दाखवा. मी हाताकडे बघत राहिले. अंगठा दाबला, मधलं बोट दाबलं, क उमटला. मग अंगठा आधी उचलला गेला. बोट मागाहून, सावकाश. आणि क सुरू झाला तो थांबेना.

माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मला कारण तिथल्या तिथे कळलं होतं.

सांगते. कीबोर्डला मराठी येत नाही. तो कॉम्प्युटरला दोनच गोष्टी सांगतो: अमुक कळ खाली गेली, अमुक कळ वर आली. वर आल्याचं कळेपर्यंत कॉम्प्युटर अक्षर पुन्हा पुन्हा छापत राहतो. बाईंनी बोट दाबलं तेव्हा अंगठा खाली होता, म्हणून माझ्या कोडाने सांगितलं, 'क खाली'. बोट उचललं तेव्हा अंगठा आधीच वर आलेला. कोडाने तक्त्यात पाहिलं, या जागेवर आत्ता काय आहे? पाय मोडायची खूण. म्हणून सांगितलं, 'पाय मोडायची खूण वर आली'. जी कधी खाली गेलीच नव्हती. क तसाच दाबलेला राहिला.

जुन्या कोडात असं होत नव्हतं. तिथे चार ओळी होत्या. कळ दाबताना कोणतं अक्षर पाठवलं त्याची वहीत नोंद करायची आणि कळ सोडताना तक्त्यात न पाहता ती नोंद वाचायची. साफसफाईत मी त्या ओळी पाहिल्या आणि म्हटलं, तक्ता हाताशी असताना ही वेगळी नोंद कशाला? एकच गोष्ट दोनदा. उडवल्या. त्या २०२१ मध्ये मीच लिहिल्या होत्या, बहुतेक अशाच एखाद्या अडकलेल्या अक्षरामागे रात्र घालवून, आणि का लिहिल्या ते शेजारी लिहून ठेवलं नव्हतं. ताळे जुळले, कारण ताळ्यातल्या खोट्या कळा मी माझ्या सवयीने दाबल्या होत्या. माझं बोट आधी उठतं, अंगठा मागून. त्यात बाईंना त्रास नको म्हणून घेतलेल्या हलक्या स्प्रिंगा. त्या बोटाला वर ढकलतच नाहीत, बोट कळेवर रेंगाळतं.

सर, तुम्हाला आठवणार नाही. नववीच्या सहामाहीत तुम्ही माझा अर्धा मार्क कापला होता. क्ष वर्ग वजा चार, भागिले क्ष वजा दोन. मी अवयव पाडले, क्ष वजा दोन वर-खाली उडवलं, उत्तर लिहिलं क्ष अधिक दोन. उत्तर बरोबर होतं. तुम्ही शेजारी लाल शाईने लिहिलंत, 'क्ष ≠ २ हे कोण लिहिणार?' मी भांडायला आले. तुम्ही विचारलंत, "तू जे उडवलंस ते शून्य असतं तर?" मी म्हणाले, "पण क्ष दोन कशाला असेल, सर? एवढे आकडे आहेत!" आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगत फिरले की सर चिंगूस आहेत.

त्या शनिवारी बाईंच्या घरी लॅपटॉप उघडून मी त्या चार ओळी परत घातल्या. ३८० च्या ३८४. पाचवी ओळ कारण सांगणारी लिहिली, मराठीत. नंतर उत्सुकतेने केएमकेचा कोड उघडून पाहिला. तिथेही कोणत्या जागेवर कोणती कळ दाबली गेली याची नोंद ठेवलेली आहे. आधी वाचला असता तर बरं झालं असतं. आता माझ्या ताळ्यांमध्ये बाईंच्या हाताचेही नमुने आहेत: अंगठा आधी, बोट नंतर, दोन बोटं एकदम, एक कळ तीन सेकंद धरून ठेवलेली. त्यातले दोन ताळे जुळले नाहीत म्हणून आणखी एक चूक सापडली, पण ती सांगत बसत नाही.

कोड दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. ते सांगायला जास्त वेळ लागला. चूक माझी होती, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही, हे मी बाईंना तीन वेळा सांगितलं. पहिल्या दोन वेळा त्यांना वाटलं मी समजूत काढते आहे. मग मी माझ्याच हाताने, अंगठा आधी उचलून, जुन्या कोडावर तीन ओळी ककककक काढून दाखवल्या. त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आठ दिवस मी तुझ्यामुळे गप्प बसले?" मी हो म्हणाले. "वहीत लिहून ठेव," म्हणाल्या. सोमवारी त्या डॉक्टरांकडे गेल्याच, हट्टाने, खात्री करायला. हात ठीक आहे.

बाईंचा लेख याच स्मरणिकेत आहे, वेळेच्या चार दिवस आधी आला. माझ्या भाषणाचा हा मजकूर मी त्यांच्याकडे आधी वाचायला पाठवला होता. शुद्धलेखनाच्या नऊ चुका काढून परत आला.

चहाच्या वेळेला कीबोर्ड तिथे खिडकीजवळच्या टेबलावर ठेवते, लॅपटॉपला जोडून. बाई शेजारीच बसणार आहेत, त्यांना विचारून हात लावा. अंगठा धरा, मधल्या बोटाने क दाबा, आणि अंगठा आधी उचलून पाहा. अडकला तर मला हाक मारा. आणि सर, तो अर्धा मार्क राहू दे.